वरणाच्या मधोमध

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

रविवारी संध्याकाळी यांना घेऊन सुप्याला घरी आले. सप्टेंबरात पुण्याला गेलो तेव्हा शिवारात वाटाण्याची तोडणी चालली होती, आता कांद्याच्या लागणी उरकत आल्यात. तीन महिने दवाखाना आणि दवाखान्याजवळची भाड्याची खोली, यापलीकडं काही पाहिलं नव्हतं. गाडी शिरूर सोडून पुढं आली, लांब डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या, तेव्हा हे आपणहून बोलले. म्हणाले, "आज वारं आहे." तीन महिन्यांत दुखण्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोललेलं हे पहिलंच वाक्य.

किडनी वन्संनी दिली. १९९४ च्या कायद्यात बहीण जवळच्या नात्यात धरलेली आहे, तरी कागदपत्रांत बरेच दिवस गेले. त्यातल्या एकाही दिवशी वन्संनी "विचार करते" असं म्हटलं नाही.

घरी सोडताना आहाराचा कागद दिलाय. कच्चं काही नको, न उकळलेलं दूध नको, दही तूर्त नको, सकाळचं उरलेलं रात्री नको. आणि शेवटी, अन्न नेहमी 'वाफाळतं' द्या. अंगात आलेली दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलीय. तुम्हाआम्हाला एक जुलाब होऊन जे निभावतं, ते यांना पुन्हा दवाखान्यात नेऊ शकतं.

'वाफाळतं' या शब्दाशी मात्र मी दोन दिवस अडून बसलेय. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी २६ वर्षं काढली. तिथं लॅक्टोमीटर बुडवायच्या आधी दुधाचं तापमान लिहायचं, नाहीतर आकडा रद्द. पाश्चरायझेशन म्हणजे ६३ अंशांना ३० मिनिटं, नाहीतर ७२ ला १५ सेकंद. 'चांगलं तापवलंय' असं कुणी म्हणालं, तर आम्ही फॉस्फटेजची चाचणी लावायचो. कच्च्या दुधातलं ते विकर नेमकं पाश्चरायझेशनच्या वेळी मरतं. ते जिवंत सापडलं, की दूध पुरतं तापलेलं नाही. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच माणसाच्या ताटात 'वाफाळतं' चालवून घेऊ?

अडचण अशी, की माझे गुडघे मला दोन वेळा ओट्याशी उभं राहू देत नाहीत. यांच्या गोळ्या नऊ आणि नऊच्या, रिकाम्या पोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. स्वयंपाक सकाळी आठला उरकतो, दुपारचं जेवण साडेबाराला. म्हणजे एकदा तरी गरम करणं आलंच. वाटीभर घट्ट वरण गॅसवर ठेवलं की खाली लागतं आणि वर कोमटच राहतं.

आज भाच्याकडून माळ्यावरचा मायक्रोवेव्ह ओव्हन खाली काढून घेतला.

५ डिसेंबर, गुरुवार

ओव्हन भाऊजींचा. न्यू जर्सीहून १९९४ साली ते कायमचे परत आले तेव्हा कपबशा, गालिचा यांच्याबरोबर हाही आला. मागच्या पट्टीवर १९८२ साल आहे. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून सोबत एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, दोन माणसांनी उचलावा असा. चार-सहा महिने आम्ही त्यात चहा गरम केला, मग त्या ट्रान्सफॉर्मरची घरघर नको झाली आणि दोन्ही माळ्यावर गेले.

मला तो आठवला तो एका वस्तूमुळं. सोबतच्या पुस्तिकेत एक पिशवी होती आणि पिशवीत एक सळई. पेन्सिलीपेक्षा बारीक, टोकदार, मागं जाळीदार धातूची वायर आणि तिच्या टोकाला पिन. तेव्हा कुणी वापरली नाही. त्या वेळी मी दूध संघातून थकून यायची आणि घरात पुन्हा तापमान मोजायची इच्छा नसायची.

नगरहून कारागीर आला होता. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत तिकीट मागताना तोंडातून नगरच जातं.) तो म्हणाला, "काकू, हा प्रोब आहे. पंधरा वर्षं ओव्हन खोलतोय, पण प्रोबवाला दुसऱ्यांदाच बघतोय." त्यानं आधी आतल्या कपॅसिटरमधला भार उतरवला. प्लग काढला तरी त्यात जीव घेण्याइतकी वीज राहू शकते, म्हणून मला लांब उभं केलं. दाराची कड, बिजागऱ्या, जाळी तपासली. मीटर फिरवून गळती पाहिली. ती अमेरिकेत १९७१ पासून घातलेल्या मर्यादेच्या, म्हणजे दारापासून ५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या, पुष्कळ खाली निघाली. तेव्हाच मी बटणाला हात लावला.

ओव्हनमध्ये धातू घालायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक. मग ही सळई कशी चालते? त्यानं दाखवलं. आतल्या भिंतीला एक छोटं भोक आहे, त्यात पिन घट्ट बसते. वायरीची जाळी, सळईचं कवच आणि ओव्हनची भिंत हे सगळं एकसंध धातू होतं. लहरींच्या लेखी ती सळई म्हणजे भिंतच, बोटासारखी आत आलेली. लहरी धातूच्या कवचातून आत शिरू शकत नाहीत आणि कवचाच्या टोकात बसलेला, तापमान मोजणारा इवलासा मणी सुखरूप राहतो. मात्र दोन्ही टोकं जागेवर हवीत, पिन भिंतीत आणि टोक अन्नात. पिन लावायची विसरून सळई नुसती आत राहिली तर ठिणग्या उडतील. गोठलेल्या पदार्थात ती खुपसायची नाही. आणि प्रोबचं काम नसेल तेव्हा ती बाहेरच ठेवायची.

मी हे सगळं खडूनं फ्रीजच्या बाजूवर लिहून ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

आज सुटीचा दिवस भाच्यानं माझ्यासाठी घालवला. तो वन्संचा धाकटा. इथल्या औद्योगिक वसाहतीत एसी बनवणाऱ्या कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि आमच्याकडंच राहतो. त्याला म्हटलं, ४२ वर्षांच्या सळईवर मी विश्वास कसा ठेवू? आधी तिची परीक्षा घेऊ.

त्यानं मल्टिमीटर आणला. सळईच्या टोकात थर्मिस्टर असतो, तापेल तसा त्याचा विद्युत रोध उतरतो. साध्या धातूच्या तारेत याच्या उलट होतं. फॅरेडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हे उलटं वागणं पहिल्यांदा टिपलं, असं भाचा म्हणाला. मी शिकले रसायनशास्त्र, पण हे मला माहीत नव्हतं.

माझ्याकडं निवृत्तीच्या वेळी घरी आणलेला डेअरीचा पाऱ्याचा थर्मामीटर आहे. तो अन्नात घालायचा नाही हा माझा नियम, काचेचा आणि पाऱ्याचा भरवसा नाही. पण पाण्यात दोघांना शेजारी ठेवायला हरकत नव्हती. सळईचं टोकच बुडवायचं, पिनेला पाणी लागू द्यायचं नाही.

फोडलेल्या बर्फाच्या पाण्यात, शून्य अंशाला, १६८ किलोओहम.
खोलीतल्या पाण्यात, २५ ला, ५०.
३७ ला ३०.
४३ ला २३.५.
६० ला १२.४.
उकळत्या पाण्यात ३.७.

उकळत्या पाण्यात माझा थर्मामीटर ९७ आणि ९८ च्या मधे थांबला. भाच्याला वाटलं पारा चुकतोय. त्याला सांगितलं, पारा बरोबर आहे, आपणच उंचावर आहोत. नगर शहर समुद्रसपाटीपासून ६४९ मीटरवर आणि सुपा त्याहून वर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं. नव्या मुलींना मी प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात हेच शिकवायची.

आकडे एका सुरेख वळणावर पडतायत. कुठंही उडी नाही, कुठंही खोट नाही. आकड्यांचा कागद करून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. फार दिवसांनी हाताला आपलं काम लागल्यासारखं वाटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

आजचं पान मला नीट लिहायचंय.

सकाळचं तुरीचं वरण, घट्ट, फ्रीजमधलं, काचेच्या खोलगट वाडग्यात. नेहमीसारखं दोन मिनिटांवर लावलं. दोन मिनिटांत कडेनं बुडबुडे आले, वाफ आली, वाडगा हाताला चटका देण्याइतका तापला. कोणत्याही घरात यालाच वाफाळतं म्हणतील आणि पान वाढतील. मीही तीस वर्षं असंच वाढलं असतं.

मग सळईचं टोक वाडग्याच्या मधोमध, तळापासून बोटभर वर ठेवलं आणि प्रोबचं बटण दाबलं. तांबड्या आकड्यांत उमटलं, ११८. हा ओव्हन फॅरनहाइट बोलतो. ११८ म्हणजे ४८ अंश सेल्सिअस.

मी खुर्चीवर बसले. कडेला उकळी आणि मधे ४८. फ्रीजमधून काढलेल्या अन्नात जे काही जंतू असतील त्यांना ४८ अंश म्हणजे शेक झाला. गरम करायचं ते मधोमध ७४ अंशांपर्यंत, हा हिशेब मी पुण्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारून पक्का केला होता. फॅरनहाइटमध्ये १६५.

असं का होतं ते कागदावर मांडलं. लहरी अन्नात वरवरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतच बहुतेक मुरतात. त्याच्या आतलं अन्न लहरींनी तापत नाही, बाहेरच्या थराची ऊब आत झिरपेल तेव्हा तापतं, आणि घट्ट वरणात ती फार सावकाश झिरपते. पाणी असतं तर ते आपलं आपण वरखाली फिरलं असतं, वरण जागचं हलत नाही. शिवाय ओव्हनच्या आत काही जागा जास्त तापतात, काही कमी. लहरीची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून साधारण सहा-सहा सेंटिमीटरांवर असे डाग पडतात. नव्या ओव्हनमध्ये काचेची थाळी फिरते ती याच्यासाठी. या जुन्यात थाळी नाही, छताच्या पत्र्याआड धातूचा पंखा फिरून लहरी विखुरतो. थाळी असती तर सळईची वायर गुंडाळली गेली असती.

मग वरण ढवळलं. ढवळल्यावर आकडा १३६ वर गेला, कडेची उष्णता मधे आली. पुन्हा सळई लावली, १६५ चा आकडा दिला आणि ओव्हन सुरू केला. १४०. १४८. १५५. मी शेजारी उभी राहून वाचत होते. १६५ ला ओव्हन आपणहून थांबला आणि शिटी वाजली.

यांना वाढताना हात जरा थरथरला. हे म्हणाले, "फार गरम आहे." म्हटलं, असूदे, ताटात निववून खा, पण एकदा तिथवर जाऊन येऊदे.

१४ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहून ठेवते, पुन्हा होऊ नये म्हणून.

सकाळी नऊच्या गोळीच्या वेळी मी ओव्हनचं घड्याळ हौसेनं मोबाइलशी जुळवलं होतं. रात्री पडल्या पडल्या माझा डोळा लागला. मोबाइल उतरून बंद पडला होता, म्हणजे गजरही नाही. भाचा कामावरून आला, स्वयंपाकघरात पाहिलं तर तांबडे आकडे ७:०५ दाखवत होते. मामी झोपलीय, गोळीला दोन तास आहेत, झोपूदे, असं म्हणून तो अंघोळीला गेला. पुढं यांनीच उशाशी ठेवलेल्या मनगटी घड्याळात पाहिलं आणि हाक मारली. सव्वानऊ वाजून गेले होते.

दवाखान्यात फोन लावला. लगेच द्या, पुढची गोळी ठरल्या वेळेलाच द्या, म्हणाले. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी अमुक इतकीच राहायला हवी, कमी पडली तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झाली तर त्याच औषधानं किडनी दुखावते. म्हणून बारा तासांचं एवढं सोवळं. माझे पाय कापत होते. भाचा तर रडवेला झाला.

मग त्यानंच शोधलं. हे घड्याळ आत स्वतःचा ठोका ठेवत नाही, भिंतीतल्या विजेची आंदोलनं मोजतं. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडं ५०. स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, आंदोलनं बदलत नाही. साठ मोजल्याशिवाय सेकंद झाला असं याला वाटत नाही, म्हणजे तासाला दहा मिनिटं मागं. सकाळी नऊ ते रात्री नऊ, बारा तासांत बरोबर दोन तासांची तूट.

घड्याळावर कागद चिकटवला. मोबाइल आता चार्जरवरूनच गजर देईल, आणि भाच्याच्या फोनवरही तोच गजर लावला.

१५ डिसेंबर, रविवार

रात्री झोप लागली नाही, एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. घड्याळ मागं पडतं म्हणजे टायमरही पडतो. मी एक मिनिट लावते तेव्हा प्रत्यक्षात ७२ सेकंद होतात. आणि ५० आंदोलनांवर ओव्हनची ताकदही कमी भरते, भाच्यानं मीटर लावून पाहिलं. म्हणजे वेळ जास्त, ताकद कमी, व्होल्टेज तर आमच्याकडं संध्याकाळी शेतीचे पंप सुरू झाले की वेगळंच. पाककृतीतल्या 'तीन मिनिटं लावा' याला या घरात काही अर्थच उरत नाही.

प्रोबला यातलं काही कळत नाही. वीज कुठली, मिनिट केवढं, पंप चालू की बंद. वरणाच्या पोटात किती ऊब आहे तेवढंच तो सांगतो. वेळ लागायचा तेवढा लागूदे.

प्रयोगशाळेत आमचे वरिष्ठ म्हणायचे, टाकीवरच्या घड्याळाकडं बघू नका, दुधात काय आहे ते बघा. तेव्हा मला ते त्यांचं बोलण्याचं वळण वाटायचं.

२२ डिसेंबर, रविवार

वन्सं आल्या. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच प्रवास केला त्यांनी. कुशीला हात धरून पायऱ्या चढल्या आणि आधी भावाच्या खोलीत गेल्या. दोघं काही बोलली नाहीत, बराच वेळ बसली नुसती.

त्यांना मासवडी आवडते, म्हणून केली. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण घालून वळायची, वरून रस्सा. तीन दिवसांचं करायचं आणि खायचं असं आमच्याकडं पूर्वी होतं, आता त्याच दिवशी. गरम करायला सगळ्यात अवघड हीच निघाली. रस्सा लगेच १६५ ला गेला, पण मासवडीच्या अख्ख्या वळकटीत सळई खुपसली तर रस्सा उकळत असताना ती ९६ वर. सारण कोरडं, वरचं बेसनाचं कवच घट्ट. वड्या कापून एकेरी थरात पसरल्या, वर ओला फडका टाकला, मधली जागा मोकळी ठेवली, तेव्हा बेताचं तापलं.

वन्सं शेजारी उभ्या राहून आकडे बघत होत्या. भाच्यानं त्यांना सांगितलं, की यातलं मुख्य यंत्र, मॅग्नेट्रॉन, १९४० साली बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट या दोघांनी सुधारलं ते विमानं शोधणाऱ्या रडारसाठी, चूल म्हणून कुणाच्या मनातही नव्हतं. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि ३४० किलोचा होता. वन्संनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "वहिनी, हे रोज करता तुम्ही? प्रत्येक वाटीला?"

म्हटलं, हो.

त्या म्हणाल्या, "मग मी निवांत झोपेन."

३० डिसेंबर, सोमवार

भाताबद्दल. भाताला प्रोब लावून भागत नाही. तांदळातल्या एका जंतूची बीजं शिजवूनही जगतात, भात खोलीत तासन् तास पडला तर ती फुटतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा तापवल्यानं जात नाही. म्हणून भात यांच्यापुरता, वेळेवर, कुकरच्या लहान डब्यात. उरला तर माझ्या ताटात, तोही लगेच. सगळी जबाबदारी सळईवर टाकता येत नाही हे स्वतःला बजावायला लिहिलं.

भाकरीही ओव्हनमध्ये नाही. चामड्यासारखी होते. ती तव्यावरचीच.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत

काल भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावून. मिसळीची भाजी यांनी चवीनं खाल्ली, १६५ ची.

आज तिळगुळाच्या पाकाला सळई लावता येईल का, असा मोह झाला. नाही लावली. या प्रोबची मजल १९९ पर्यंत, म्हणजे ९३ अंश, आणि गुळाचा गोळीबंद पाक शंभराच्या बराच वर जातो. ज्याची जी मर्यादा. पाक वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघितला, आईनं शिकवलं तसा. तो टण्ण वाजला आणि वड्या छान झाल्या.

२५ जानेवारी, शनिवार

आज ओव्हन बंद केला.

चार दिवस त्याचा आवाज जड येत होता. कारागिराला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं चालवून आतला मुख्य ट्रान्सफॉर्मर दाखवला. तापून वॉर्निशचा वास येत होता. म्हणाला, "काकू, साठ सायकलचं गुंडाळलेलं आहे हे. पन्नासवर त्याच्या लोखंडाला सोसत नाही. तुम्ही रोज चालवलंत म्हणून आता दिसलं. अजून चालेल महिना, दोन महिने, पण एखाद्या दिवशी जळेल. घरात आजारी माणूस आहे." त्यानं नवा विकण्याचा प्रयत्न केला नाही, जुनं चालवून देतो असंही म्हणाला नाही. त्याचे पैसे मी आग्रहानं दिले.

वाईट वाटलं. ४२ वर्षांचं यंत्र, त्यातली तीस माळ्यावर, आणि काम केलं ते शेवटचे सात आठवडे. पण ते सात आठवडे असे होते, की त्यात घरी कुणी आजारी पडलं नाही.

भाच्यानं पेनासारखा डिजिटल थर्मामीटर मागवला होता, तो आला. बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात माझ्या पाऱ्याशी पडताळला, अर्ध्या अंशाचा फरक. आता वरण जाड बुडाच्या पातेल्यात, दोन पळ्या पाणी घालून, मंद गॅसवर, सतत ढवळत, आणि मधोमध पेन. ७४ झाले की उतरवायचं. बसायला उंच स्टूल आणलं, गुडघ्यांचं तेवढ्यानं भागतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल पुण्याला तपासणी. क्रिएटिनिन १.१. औषधाची पातळी हवी तिथं आहे. डॉक्टरांनी यांना विचारलं, काही खावंसं वाटतं का? हे म्हणाले, दही. डॉक्टर हसले, मग मला बरंच विचारलं. दूध कसं तापवता, विरजण कुठलं, किती वेळ बाहेर ठेवता. शेवटी म्हणाले, घरी उकळलेल्या दुधाचं, त्याच दिवशीचं, दोन चमचे. बाहेरचं अजिबात नाही.

यांनी सहा महिने दह्याला तोंड लावलेलं नाही. परतताना गाडीत पूर्ण रस्ता गप्प होते, रांजणगावला मात्र म्हणाले, "कवडीचं लागेल का थंडीत?"

सुप्याच्या थंडीत दही लागणं हा दर वर्षीचा प्रश्न. विरजण ४३ अंशांच्या दुधात घातलं आणि ती ऊब पाच-सहा तास टिकली तर लागतं. जास्त गरम दुधात घातलं तर विरजण मरतं, गार दुधात घातलं तर दही तार धरतं, चिकट होतं. बोट बुडवून बघायची रीत आहे, पण यांच्या दुधात मी बोट घालणार नाही.

आज पहाटे गाईचं दूध आलं, दोनदा उकळी आणली. पातेलं ओट्यावर निवत ठेवलं. आणि प्रोबची सळई काढली, साबणानं, मग उकळत्या पाण्यानं टोक धुतलं, दुधात सोडलं, झाकण अर्धं लोटलं. पिनेला भाच्याच्या मल्टिमीटरचे चिमटे लावले. पेन घेऊन वाफेत उभं राहावं लागतं, ही सळई आत राहते आणि मी स्टुलावर बसून लसूण सोलत आकडा बघू शकते.

१२. १५. १८. फडताळाच्या दारावरचा कागद समोर होता. दूध निवत जातं तसा आकडा चढत जातो, हे उलटं गणित आता सवयीचं झालंय. २१. २२.

२३.५ ला सळई काढली, विरजण घातलं, पातेलं झाकलं. ठेवायला ऊबदार जागा हवी होती. ओव्हनचा प्लग कधीच काढलाय, पण दार अजून घट्ट लागतं. आत गरम पाण्याचा तांब्या ठेवला, शेजारी दह्याचं पातेलं ठेवलं आणि दार लावलं. हे काठी टेकत स्वयंपाकघरात आले, दाराच्या जाळीतून वाकून आत बघितलं. आत अंधार होता, काही दिसत नव्हतं.

"किती वेळ?" म्हणाले.

दुपारी बघू, म्हटलं.